टॅब आले, पण सगळ्या गटांच्या स्लाइड सारख्याच निघतात

प्रश्न थोडक्यात असा: १२-१३ वर्षांच्या मुलांचा वर्ग, दर गटाला एक टॅब. 'जलचक्र तुमच्या कल्पनेनं मांडा' एवढं सांगून तासभर दिला आणि नऊ गटांकडून नऊ सारखीच सादरीकरणं आली. तेच टेम्प्लेट, तेच निळे ढग, इंटरनेटवरून उचललेली तीच आकृती. तंत्रज्ञानानं मुलांची सर्जनशीलता वाढते असं सगळे सांगतात, मग आमच्या वर्गात ती आटली कशी? आणि आता चॅटबॉटही आलेत, त्यांचं काय करायचं?

तुमचं निरीक्षण अचूक आहे. मुलं आळशी नाहीत आणि विषयही चुकीचा नाही. गडबड क्रमाची आहे. मुलांनी डोकं चालवायच्या आधीच हातात सादरीकरणाचं अ‍ॅप आलं, आणि त्या अ‍ॅपनं उघडल्या उघडल्या विचारलं, यातलं कोणतं डिझाइन हवं? मुलांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुढचा पाऊण तास रंग, अक्षरांचा आकार आणि स्लाइड बदलतानाची हालचाल यांत गेला. पाणी वर कसं जातं, खाली का येतं, हे त्या आयत्या आकृतीनं सांगूनच टाकलं होतं, त्यामुळे त्यावर कुणी विचार केला नाही. तयार गोष्टींतून निवड करणं मुलांना पटकन जमतं आणि निवडल्याचं समाधानही मिळतं. आपण काही घडवलं असं वाटतं, घडलेलं काहीच नसतं.

मी गेली २२ वर्षं शिकवते आहे. त्यातली १४ वर्षं संगणक, कॅमेरा आणि टॅब हाताशी घेऊन. या काळात एका गोष्टीबद्दल माझी खात्री होत गेली. यंत्रामुळे वर्गात येणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वस्तात मिळणारी दुसरी संधी. कागदावर तासभर खपून काढलेलं चित्र मूल खोडत नाही. त्यात जीव अडकलेला असतो, कागद एकच असतो, घंटा व्हायला आलेली असते. म्हणून पहिल्यांदा जे सुचलं तेच शेवटचं ठरतं. पडद्यावर त्याच चित्राच्या चार प्रती करता येतात, एक मोडून पाहता येते, नाही आवडली तर मागे फिरता येतं. पहिल्या फेरीत सुचलेलं बहुतेक वेळा कुठेतरी पाहिलेलं असतं. मुलाचं स्वतःचं म्हणावं असं काही यायला तिसरी-चौथी फेरी उजाडते. तुमच्या वर्गात टॅबनी ही तिसरी फेरी दिलीच नाही, पहिली फेरीच चकचकीत करून हातात ठेवली.

सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. पुढे त्यात आज्ञेप्रमाणे चालणारं कासव आलं. 'पुढे जा, वळ' असं सांगितलं की ते मागे रेघ ओढत चालतं. त्रिकोण काढायला बसलेलं जवळजवळ प्रत्येक मूल कासवाला ६० अंशांत वळायला सांगतं, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे वहीत लिहिलेलं असतं. तीन बाजू होतात आणि त्रिकोण काही मिटत नाही. दिसते ती षटकोनाची अर्धी कड. त्या क्षणी मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वहीत चुकलं असतं तर लाल रेघ आली असती, इथे समोर एक अनपेक्षित आकार उभा आहे. थोड्या वेळानं कुणीतरी स्वतःच उठतं, जमिनीवर त्रिकोणात चालून पाहतं आणि लक्षात येतं की वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. आणि अनेकदा ते मूल त्रिकोण बाजूला ठेवून त्या अर्ध्या षटकोनाचंच काहीतरी करायला लागतं. चुकीतून नवा आकार हाती लागणं, त्यामागे जाण्याइतका वेळ आणि मुभा असणं, याला मी सर्जनशीलता म्हणते.

याच परंपरेतला मिचेल रेझनिक यांचा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधला गट. त्यांनी २००७ मध्ये 'स्क्रॅच' सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणजे आज्ञांचे ठोकळे जोडून मुलांना पडद्यावर खेळ आणि गोष्टी बनवता येतात अशी संगणकभाषा. मुलांची साधनं कशी असावीत याबद्दल पॅपर्ट सांगत, उंबरठा ठेंगणा हवा आणि छत उंच हवं. म्हणजे सुरुवात सोपी आणि पुढे जायला वाव. रेझनिक यांनी त्यात भर घातली, भिंतीही रुंद हव्यात. एकाच साधनातून कुणाला गोष्ट सांगता यावी, कुणाला खेळ बनवता यावा, कुणाला गणित मांडता यावं. साधन निवडताना मी आजही हीच चाचणी लावते. नऊ गटांना हे दिलं तर नऊ वेगळ्या गोष्टी येऊ शकतील का? टेम्प्लेटवाल्या सादरीकरणाचा उंबरठा अगदी ठेंगणा आहे, पण भिंती फार जवळ आहेत.

आता तुमचाच धडा घेऊ. 'तुमच्या कल्पनेनं मांडा' ही सूचना ऐकायला मोकळी वाटते, पण एवढ्या मोकळ्या मैदानात मूल मळलेल्या वाटेनंच जातं. मी काम आवळून देते: पाण्याचा एक थेंब, दहा सेकंदांची फिल्म, एकही शब्द नाही, आणि इंटरनेटवरचं एकही चित्र नाही. अट जितकी नेमकी, तितकी नेहमीची वाट बंद होते.

पहिल्या तासाला टॅब कपाटातच राहतात. प्रत्येक मूल एकट्यानं, न बोलता, कागदाला घड्या घालून आठ चौकटी पाडतं आणि आपल्या थेंबाची गोष्ट काढतं. गट त्यानंतर. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या एका प्रयोगात दिसलं होतं की चार जणांनी एकत्र बसून कल्पना काढल्या त्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. वर्गात याचं कारण डोळ्यांनी दिसतं. गटात जो मोठ्यानं बोलतो त्याची कल्पना पहिल्या मिनिटाला टेबलावर येते आणि बाकीचे तिला सजवायला लागतात. आधी एकट्यानं काढलेलं असलं की गप्प बसणाऱ्या मुलीकडेही दाखवायला आठ चौकटी असतात.

दुसऱ्या तासाला कॅमेरा. एक एक फोटो काढून हलतं चित्र बनवण्याचं अ‍ॅप टॅबवर सहज मिळतं, बहुतेकांचं मोफत रूपही पुरतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. हातानं चित्रपट करणारे बरेचदा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ नवी चित्रं. मुलांसाठी मी सहा ठेवते. दहा सेकंदांना ६० फोटो, दोन तासांत आवाक्यात येतात. टॅब पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून चिकटपट्टीनं पक्का करायचा, कागदाच्या कडाही बाकाला चिकटवायच्या. खिडकीजवळ बसवू नका. एखादा ढग सरकला की उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. अ‍ॅपमध्ये उजेड आणि फोकस एकदाच कायम करण्याची सोय असेल तर ती आधी शोधून ठेवा.

एका गटाचं काम मी अगदी जवळून पाहिलं, ते सांगते. काळ्या कागदावर निळं बटण हा त्यांचा थेंब. पहिल्या फेरीत त्यांनी प्रत्येक फोटोला बटण सारख्याच अंतरानं वर सरकवलं. पडद्यावर पाहिलं तर ते लिफ्टसारखं सरळ वर गेलं. गटातली एक मुलगी, जी एरवी तासाला बोलत नाही, म्हणाली, "वाफ अशी कुठे जाते?" दुसऱ्या फेरीत त्यांनी एका बटणाऐवजी मूठभर बारीक मणी घेतले. खाली घट्ट बसलेले मणी वर जाताना एकमेकांपासून लांब लांब होत गेले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याचे कण वाफेत दूर दूर जातात हे वाक्य त्यांनी वाचलेलं होतं, पण बोटांनी मणी सरकवताना त्याचा अर्थ लागला. मग मी एकच प्रश्न विचारला: "हे परत एकत्र का येतात?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा पुस्तक उघडलं गेलं, आणि या वेळी ते त्यांना हवं होतं म्हणून. हवा थंड होते, आणि वाफेला बसायला धुळीचा एखादा कण लागतो. तिसऱ्या फेरीत त्या मुलीनं खडूची चिमूटभर भुकटी कागदाच्या वरच्या भागात ठेवली आणि मणी एकेक करून तिच्याभोवती आणून बसवले. दहा सेकंदांच्या फिल्ममध्ये सांद्रीभवन स्वच्छ दिसत होतं. शेवटच्या काही फोटोंत एका बोटाची सावली आली होती. मी ती काढायला सांगितली नाही.

या सगळ्यात माझा एकच नियम कडक असतो: जुनी फाइल मोडायची नाही. प्रत्येक फेरी वेगळ्या नावानं सेव्ह करायची, १, २, ३. कारण मी तपासते ती फेरी १ आणि शेवटची फेरी, शेजारी शेजारी ठेवून. काय बदललं आणि का बदललं, हे मूल मला दोन मिनिटांत तोंडी सांगतं. गुण त्याला असतात. पहिल्या फेरीला गुणच नसतात, ती झाली आहे एवढीच नोंद. फिनिशिंगला माझ्याकडे गुण नाहीत, कारण फिनिशिंग बहुतेक अ‍ॅपनं केलेलं असतं.

गुणांबद्दल जरा थांबते, कारण तंत्रज्ञानाइतकाच त्यांचाही परिणाम होतो. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७ ते ११ वर्षांच्या मुलींनी कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं केली. काहींना सांगितलं होतं की चांगल्या चित्रांना बक्षिसं आहेत, काहींना सांगितलं होतं की बक्षिसं चिठ्ठ्या टाकून देऊ. चित्रकारांनी ती चित्रं पाहिली तेव्हा स्पर्धेसाठी केलेली चित्रं कमी सर्जनशील ठरली. म्हणून 'सगळ्यात सुंदर सादरीकरणाला बक्षीस' ही घोषणा मी कधीच बंद केली. बक्षीस लागलं की मूल धोका पत्करत नाही, आणि धोका न पत्करता काढलेली गोष्ट शेजारच्या गटासारखी दिसणारच.

अर्ध्या कामावर दहा मिनिटं सगळं थांबवायचं. गट एकमेकांच्या बाकांपाशी जातात आणि दोनच गोष्टी बोलतात: मला काय दिसलं, आणि मला काय कळलं नाही. 'छान आहे' म्हणायला परवानगी नाही. दाखवणाऱ्या गटानं खुलासे करायचे नाहीत, ऐकायचं. त्या दहा मिनिटांनंतर बहुतेक गट पुढची फेरी आपणहून सुरू करतात, माझ्या सांगण्याची गरज उरत नाही.

आवाजाकडे फार कमी शिक्षक वळतात, याचं मला वाईट वाटतं. कोणत्याही फोनमध्ये रेकॉर्डर असतो, आणि आवाज जोडायला, थर चढवायला २००० सालापासून मोफत मिळणारं 'ऑडॅसिटी' पुरेसं आहे. ४० सेकंदांत एक जागा उभी करा, शब्द वापरायचे नाहीत, एवढं सांगा. प्लॅस्टिकची पातळ पिशवी मायक्रोफोनजवळ हळू चुरगाळली की आग ऐकू येते, हे कळल्यावर मुलं वर्गातली प्रत्येक वस्तू कानाशी धरून पाहतात. लिहायला नकार देणाऱ्या एका मुलानं मधली सुट्टी संपतानाचा आवाज केला होता. आधी गोंगाट, मग बाकांचं घसटणं, मग कमी कमी होत शेवटी फक्त एका पेन्सिलीचं खरखरणं. सगळ्यांनी विचारलं, ही पेन्सिल कुणाची? त्याचं उत्तर त्यानं दीड पान लिहिलं. लेखणी त्याला अडवत होती, सांगायला त्याच्याकडे होतंच.

स्क्रॅचविषयी थोडक्यात. त्याचा पडदा ४८० बाय ३६० एककांचा आणि मधला बिंदू शून्य. मासा डावीकडे न्यायचा तर ऋण संख्या लागते, त्यामुळे ऋण संख्या का शिकायच्या हा प्रश्न तिथे उरत नाही. दुसऱ्याचा प्रकल्प उघडून आतली रचना पाहता येते आणि त्यात बदल करून आपला करता येतो. यावर पालक विचारतात, मग ही नक्कल नाही का? मी मुलांना सांगते, घ्या, पण कुणाचं घेतलं ते लिहा आणि निदान तीन गोष्टी अशा बदला की मूळ करणाऱ्याला नवल वाटावं. गाणं शिकणारा गुरूची तान आधी जशीच्या तशीच घेतो. अडचण तेव्हा होते जेव्हा मूल तिथेच थांबतं.

आता चॅटबॉट. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं शक्य नाही आणि योग्यही नाही. २०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सुमारे ३०० जणांनी छोट्या गोष्टी लिहिल्या, काहींनी एआयकडून कल्पना घेऊन, काहींनी न घेता. कल्पना घेतलेल्यांच्या गोष्टी वाचकांना सरासरीनं जास्त चांगल्या वाटल्या, पण त्या एकमेकींसारख्या होत्या. तुमच्या नऊ स्लाइडमालांचाच हा किस्सा आहे, फक्त पायरी वरची. एका मुलाकडे पाहिलं तर काम सुधारलेलं दिसतं, सगळा वर्ग एकदम पाहिला की आखडलेला दिसतो. म्हणून शिक्षकानं पूर्ण वर्गाचं काम भिंतीवर एकत्र लावून पाहायला हवं.

माझी पद्धत अशी. मुलांचं कच्चं काम कागदावर झाल्याशिवाय चॅटबॉट उघडायचा नाही. उघडायचा तोही वर्गाच्या मोठ्या पडद्यावर, माझ्या लॉगिननं, कारण अनेक सेवांची किमान वयाची अट १३ वर्षं आहे आणि तुमच्या वर्गातली काही मुलं त्याखालची असतील. मग त्याला तेच काम सांगायचं: पाण्याच्या थेंबाची गोष्ट दे. तो देतो ती गोष्ट फळ्यावर लिहायची आणि मुलांना सांगायचं, यातलं काहीही तुमच्या गोष्टीत असेल तर ते काढा किंवा उलटं करा. आमच्याकडे थेंबाला नाव आलं, डोळे आले, 'प्रवासाला निघाला' आला, शेवटी समुद्रात परत आला. मुलांनी आपापल्या वह्या काढल्या आणि निम्म्या वह्यांत थेंब प्रवासालाच निघाला होता. एकानं मग असा थेंब लिहिला जो बाटलीचं झाकण घट्ट लागल्यामुळे कुठेच जाऊ शकत नाही. अख्खी गोष्ट झाकणाच्या आतून. यंत्रानं इथे काय केलं? सगळ्यांना आधी सुचतं ते काय, हे दाखवून दिलं. हे काम ते फार चांगलं करतं. आणि जी माहिती ते देतं ती पुस्तकाशी ताडून पाहायचीच, कारण चुकीची गोष्टही ते तितक्याच ठामपणे सांगतं.

साधनांची चिंता फार करू नका. चार मुलांत एक टॅब ही उणीव नाही. प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा असला की वर्गात वाद होत नाहीत, आणि कल्पना वादात घासली जाते. फक्त टॅब कुणाच्या हातात हे दर दहा मिनिटांनी बदला, नाहीतर ठरावीक दोघंच चालवतात आणि बाकीचे बघतात. इंटरनेट बंद असलं तर बनवण्याच्या तासाला ते सोयीचंच. चित्रं आणि आवाज शक्यतो मुलांचेच, बाहेरचं घ्यावंच लागलं तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (ज्यात मूळ करणाऱ्यानं इतरांना काही अटींवर वापरायची मुभा दिलेली असते) आणि मूळ करणाऱ्याचं नाव लिहून. मुलांचे चेहरे बाहेर जाणाऱ्या कोणत्याही फिल्ममध्ये नकोत. हात आणि वस्तू पुरतात. आणि जे काम खडू-फळ्यावर पाच मिनिटांत नीट होतं त्याला टॅब काढूच नका.

तर या आठवड्यात काय करायचं? त्या नऊ स्लाइडमाला फेकून देऊ नका, त्या फेरी १ आहेत. नऊही एकदम पडद्यावर दाखवा आणि प्रत्येक गटाला सांगा, जे जे दुसऱ्या गटाच्या कामातही आहे ते सगळं आपल्यातून काढून टाका. हे मी माझ्या वर्गात केलं तेव्हा मुलं आधी हिरमुसली, मग मोजायला लागली. दोन गटांकडे काहीच उरलं नाही. एका गटाकडे बोटानं काढलेला एक वाकडा बाण उरला. तो ढगाकडे जात नव्हता, जमिनीच्या आत जात होता. बाकी कुणाच्याच चित्रात पाणी जमिनीत मुरलं नव्हतं. काहीच न उरलेले दोन गट त्यांच्या बाकापाशी जाऊन बसले आणि तिन्ही गटांनी मिळून पुढचे दोन तास त्या बाणाचं काम केलं. ते पाणी किती खोल जातं, दगड आला तर काय करतं, आणि परत वर येतं ते कुठून.